रिसर्चगेटवर मी वेल्डिंगतज्ज्ञ झाले! (मदत हवी आहे)

रानजाई (सोमवार, रात्री १०:४७)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही मदत मागायला.

मी तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात माझ्या कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या) फाइलची कॉलेजातली छाननी होती. समितीतल्या एका सरांनी लॅपटॉपवर रिसर्चगेट या संशोधकांच्या साइटवरचं माझं पान उघडलं, खाली खाली सरकवत गेले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही वेल्डिंगवरही काम केलंय?" मला वाटलं, थट्टा करताहेत. वाकून बघितलं तर खरंच की! अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या वेल्डिंगवरचा पेपर, त्याखाली रूट कॅनलवरचे दोन, मग माझा सड्यावरच्या वनस्पतींचा, मग परत वेल्डिंग. एकूण वीस पेपर. त्यातले माझे चार.

चूक माझीच आहे. लॉकडाऊनमध्ये खातं उघडलं तेव्हा साइटने नावाशी जुळणारी यादी दाखवून "हे तुमचेच का?" असं विचारलं होतं. मी एकीकडे लेकीचा ऑनलाइन वर्ग लावून देत होते, दुसरीकडे धडाधड "हो, हो" करत गेले. पुढे इतकी वर्षं "तुमचा पेपर अमुक जणांनी वाचला" अशा मेल येत राहिल्या आणि मी खूश. रूट कॅनल वाचत होते लोक!

दुसरी भानगड नावाची. लग्नाआधीचे तीन पेपर देशमुख नावाने, नंतरचे चार पाटील नावाने. ते देशमुखवाले तीन माझ्या पानावर आलेच नाहीत. आणि एक पेपर असा आहे की पाठवताना फॉर्ममध्ये मी आपल्या सवयीने आडनाव, नाव, पतीचं नाव असं भरलं. छापून आलं तेव्हा नवऱ्याचं नाव आडनाव झालेलं. तो पेपर फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा असं घरी चाललंय.

पंधरा दिवसांत समितीला सुधारित यादी द्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

नाममात्र (सोमवार, रात्री ११:२०)

रानजाई, तुम्ही एकट्या नाही. हा आजार आपल्या नावांचाच आहे. शाळेच्या दाखल्यापासून आपल्याला आडनाव आधी लिहायची सवय. तिकडच्या फॉर्मला पहिलं नाव ते पाळण्यातलं आणि शेवटचं ते घराण्याचं. मधल्या वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं काय करायचं हे त्याला कळत नाही. मग तो त्याचं एक अक्षर करतो, नाहीतर गिळून टाकतो, नाहीतर तुमच्यासारखं डोक्यावर बसवतो.

आणि उरतं काय, तर "पाटील एस. एस."! कोल्हापूर जिल्ह्यात एका लग्नाच्या पंगतीला बसवता येतील एवढे पाटील एस. एस. निघतील. संगणकाने तरी कुणाकुणाला ओळखावं?

त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नावही घातलंय. नाव, आई, वडील, आडनाव. ही मुलं पेपर लिहायला लागतील तेव्हा बघायला मजा येईल.

ग्रंथपाल_काकू (मंगळवार, सकाळी ९:०५)

बाई गं, घाबरू नकोस. आमच्या लायब्ररीत दर उन्हाळ्यात अशा चार-पाच जणी येतात. क्रमाने सांगते.

आधी आजच्या आज तुझ्या रिसर्चगेटच्या सगळ्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेव, तारखेसकट. समितीला "अशी चूक झाली होती, या दिवशी दुरुस्त केली" असं लेखी देता आलं पाहिजे. नुसतं गुपचूप काढलंस तर लपवाछपवी दिसेल.

मग एकेक परका पेपर उघड आणि प्रोफाइलमधून काढ. त्याने तुझा आणि त्या पेपरचा धागा तेवढा तुटतो. पेपरचं पान साइटवर राहतंच, कारण ते त्याच्या खऱ्या लेखकांचं आहे. काही जण घाईघाईत तिथली लेखकांची नावंच खोडायला जातात. तसलं काही करू नकोस. ते घर तुझं नाही, आपली चप्पल उचलायची आणि बाहेर पडायचं.

देशमुखवाले तीन नावाने शोधत बसू नकोस, शीर्षकाने किंवा डीओआयने (पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) शोध. पान सापडलं की लेखकांच्या यादीतलं आपलं जुनं नाव धरून "ही मीच" असा दावा कर. नाव जुळत नाही म्हणून अडलं तर साइटच्या मदत केंद्राला लिही. सोबत पेपरचं पहिलं पान आणि विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेव.

आता मुख्य काम. तुझं ऑर्किड आहे का?

रानजाई (मंगळवार, दुपारी १:३२)

काकू, आमच्या ग्रंथपाल मॅडमनी हाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, हर्बेरियममध्ये, म्हणजे आमच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, सीतेची वेणी हे ऑर्किड आहे, दाखवू का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

ग्रंथपाल_काकू (मंगळवार, दुपारी २:१०)

हे ते ऑर्किड नव्हे! हा संशोधकाचा सोळा आकड्यांचा क्रमांक. २०१२ साली सुरू झाला, फुकट आहे, आणि नाव बदललं, कॉलेज बदललं तरी क्रमांक तोच राहतो. त्यात "इतर नावं" म्हणून रकाना आहे. तिथे देशमुख लिही, पाटील लिही, आद्याक्षरांची जितकी रूपं छापली गेलीत तितकी सगळी लिही. नवऱ्याचं नाव आडनाव झालेलं रूपसुद्धा.

पण दोन खाती काढू नकोस. जुन्या मेलवरून कधी काढलं होतंस का ते आधी आठव. दोन असतील तर एकात विलीन करता येतात.

पुढचा पेपर पाठवताना मासिकाच्या साइटवर हा क्रमांक हाताने टंकू नकोस, तिथूनच लॉगिन करून जोड. मग प्रकाशकाने नोंद केली की क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडून तो पेपर तुझ्या खात्यात आपोआप येऊ शकतो. एकदा परवानगी द्यायची, बस्स.

गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवर खातं असेल तर आज एवढं करच: सेटिंगमध्ये "पेपर आपोआप जोडा" असं असतं ते बंद कर आणि "आधी मला मेल करून विचारा" हे निवड. पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी, जोशी या मंडळींनी तर खातं उघडल्या दिवशीच हे करावं. स्कोपस या पेपरांच्या सूचीत बहुतेक तुझे दोन लेखक क्रमांक झाले असतील, देशमुखचा एक आणि पाटीलचा एक. ते एकत्र करायची विनंती लेखकाला स्वतःला करता येते. त्यासाठी कॉलेजने स्कोपस विकत घेतलेलं असावं लागत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या "विद्वान" नावाच्या संशोधक-सूचीत खातं असेल तर तेही बघ.

नवऱ्याच्या नावाचा पेपर मात्र या कुठल्याच साइटवर दुरुस्त होणार नाही. तो मासिकालाच लिहून शुद्धिपत्राने दुरुस्त करावा लागेल. बाकी सगळे त्यांच्याच नोंदीवरून उतरवून घेतात.

बे_एके_बे (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

ऑर्किडचा सोळावा आकडा हा आधीच्या पंधरांवरून हिशेबाने काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला तर लगेच पकडला जातो. हिशेब दहा आला तर तिथे रोमन एक्स छापतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या क्रमांकात तो एक्स आहे. कॉलेजच्या ऑफिसने "आकडेच भरा" म्हणून त्याचा फॉर्म दोनदा परत पाठवला.

माझं दुखणं जरा वेगळं आहे. मी गणितातला. आमच्याकडे सहलेखकांची नावं रोमन वर्णानुक्रमे लावायची रीत आहे. कोणी जास्त केलं, कोणी कमी, हा प्रश्नच नाही. आता पेपरांना गुण द्यायचे यूजीसीचे २०१८ चे नियम बघा. दोन लेखक असतील तर दोघांना प्रत्येकी ७० टक्के गुण. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा मासिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे आगाशे जन्मभर सत्तर खाणार आणि येवले जन्मभर तीस. माझं आडनाव वाय ने सुरू होतं, यापलीकडे माझा गुन्हा काय?

उपाय एकच उरला. दर पेपरला पत्रव्यवहाराचं काम मी अंगावर घेतो. सहकाऱ्यांना वाटतं, किती कामसू माणूस आहे.

निवृत्त_नाना (मंगळवार, रात्री ९:१५)

तुमचं वाचून गंमत वाटते. आमच्या वेळी पेपर छापला की मासिक पंचवीस-पन्नास सुट्या प्रती पाठवायचं. मग पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनीहून छापील कार्डं यायची: "आपल्या अमुक पेपरची एक प्रत कृपया पाठवावी." कार्डावर आमचं नाव टाइप केलेलं, बहुतेक वेळा चुकीचं. पण पत्र पोचायचं, कारण गावात कॉलेज एकच आणि पोस्टमन ओळखीचा. तिकिटं पुतण्याला द्यायचो. कोणी काय वाचलं हे त्या कार्डांवरून कळायचं, आणि ते पुरेसं होतं.

नावांचा एवढा काथ्याकूट नव्हता. विभागप्रमुखांचं नाव पेपरवर असायचंच. प्रयोगशाळा त्यांची, गॅसचं कनेक्शन त्यांनी भांडून आणलेलं. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही.

पीएचडीग्रस्त (मंगळवार, रात्री ११:५८)

नाना, राग मानू नका, पण त्याच "असायचंच"मुळे मी इथे रात्री बारा वाजता टंकतोय.

पेपर माझ्या प्रबंधातला आहे. नमुने मी गोळा केले, दोन पावसाळे. मासिकाकडे पाठवायच्या आधी आमच्या गाईडांनी मसुदा रिसर्चगेटवर चढवला. मी आणि गाईड, दोन नावं. परवा बघतो तर चार. तिसरं विभागप्रमुखांचं, चौथं कोणाचं ते मला माहीतही नाही. गाईडांना विचारलं तर म्हणाले, "अरे, ती नुसती साइट आहे, मासिकात कुठे छापलंय? त्यांच्या फाइलला उपयोग होईल." मला साइटवर एक बटण दिसतंय, लेखकांची यादी बदला असं. दाबू का?

ग्रंथपाल_काकू (बुधवार, सकाळी ८:५०)

दाबू नकोस. निदान आज नको. तू नावं काढशील, ते परत घालतील, आणि भांडण तुमच्यात राहायचं ते चारचौघांसमोर होईल. आधी स्क्रीनशॉट. मग गाईडांना साध्या भाषेत मेल कर: "सर, साइटवरच्या प्रतीत आणि आपल्या मसुद्यात लेखक वेगळे दिसतात, मासिकाकडे कोणती यादी जाणार आहे?" तोंडी विचारू नकोस, मेलच कर. उत्तर येवो न येवो, तारखेसह राहतं.

"नुसती साइट" हे अर्धंच खरं. लेखक कोण, हे शेवटी मासिकात छापलेली प्रत ठरवते, साइट नव्हे. पण मासिकाने सगळ्या लेखकांच्या संमतीची सही मागितली की तिथे चार नावांची प्रत पुढे करायला सोपी जाते. म्हणून आत्ताच बोल.

बर्लिनकर (बुधवार, दुपारी ३:२५)

काकूंशी सहमत. वैद्यकीय मासिकांच्या संपादकांच्या समितीची लेखकपणाची कसोटी आता बऱ्याच इतर विषयांतही मानतात. चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हायला हव्यात. कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तपासण्यात भरीव वाटा हवा. लिहिण्यात किंवा मजकुराच्या गंभीर तपासणीत हात हवा. अंतिम प्रतीला मान्यता हवी. आणि चौथी, जी २०१३ मध्ये घातली: उद्या कोणी शंका काढली तर उत्तर द्यायची जबाबदारी. गॅसचं कनेक्शन यात बसत नाही नाना, त्यासाठी आभाराचा परिच्छेद असतो.

आमच्या इथे पेपर पाठवताना प्रत्येकाने काय केलं ते ठरलेल्या चौदा कामांच्या यादीतून लिहावं लागतं. कल्पना कोणाची, उपकरणं कोणाची, पहिला मसुदा कोणी लिहिला, पैसे कोणी आणले, सगळं. पीएचडीग्रस्त, हा तक्ता तू आत्ताच भरून मेलला जोड. "चौथ्या लेखकांचं नाव कोणत्या ओळीत लिहू?" एवढंच विचार. बाकी काही बोलावं लागणार नाही.

रिसर्चगेट माझ्याच गावचं, म्हणून एक भर घालतो. २००८ मध्ये सुरू झालेली ही खाजगी कंपनी आहे. सरकारी नोंदवही नाही, विद्यापीठ तर नाहीच. एल्सव्हियर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०१७ मध्ये जर्मनीत आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत त्यांच्यावर दावे लावले, कारण लोक प्रकाशकाची छापील पीडीएफ जशीच्या तशी तिथे ठेवत होते. २०२३ मध्ये तडजोड झाली. तेव्हा रानजाई, आपले पेपर नीट लावून झाले की पीडीएफ कुठली ठेवली आहे तेही बघा. बऱ्याच प्रकाशकांना छापील प्रत चालत नाही, पण स्वीकारलेला मसुदा काही अटींवर चालतो. कोणाला काय चालतं हे ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) नावाच्या यादीत बघता येतं. ग्रंथपालांना ती माहीत असते. आणि खातं उघडताना कॉलेजचा पत्ता भरला असेल तर तोही तपासा. कॉलेज बदललं की लोक तो बदलायला विसरतात.

बे_एके_बे (बुधवार, दुपारी ४:०२)

आमच्या कॉलेजच्या फॉर्मात अजून "आरजी स्कोअर" असा रकाना आहे.

बर्लिनकर (बुधवार, दुपारी ४:०९)

रिसर्चगेट प्रत्येक संशोधकाला द्यायचं तो स्कोअर त्यांनी २०२२ च्या जुलैत बंद केला. रकान्यात रेघ मारा.

बे_एके_बे (बुधवार, दुपारी ४:११)

रेघ मारली होती. "शून्य का?" असा शेरा आला.

नाममात्र (बुधवार, रात्री ८:३०)

लेखकपणाचा विषय निघालाच आहे तर मांजराची गोष्ट सांगतो, खरी आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॅक हेदरिंग्टन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ. १९७५ मध्ये त्यांनी घन हेलियम-३ वर एकट्याने पेपर लिहिला, पण सवयीने सगळीकडे "आम्ही" लिहिलं. सहकारी म्हणाला, एका लेखकाने "आम्ही" म्हटलेलं मासिकाला चालणार नाही. टाइपरायटरचा जमाना, सगळा पेपर पुन्हा कोण टाइप करणार? त्यांनी आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलार्ड. एफ. डी. म्हणजे पाळीव मांजराचं लॅटिन नाव, सी म्हणजे चेस्टर हे त्याचं हाक मारायचं नाव आणि विलार्ड हे बापाचं. आपल्यासारखंच, मधे-शेवटी बापाचं नाव! पेपर फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापून आला. पुढे काही प्रतींवर सहलेखकाच्या पंजाचा ठसाही उमटवून पाठवला म्हणे.

उलट टोक म्हणजे त्याच मासिकातला २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा पेपर. ५,१५४ लेखक. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नुसती नावांची आणि संस्थांची. त्यातल्या पाटलांनी आपापला पेपर कसा शोधला असेल?

निवृत्त_नाना (बुधवार, रात्री ९:४०)

बर्लिनकर, गॅसच्या कनेक्शनबद्दल बोललात ते लागलं, पण बरोबर आहे. आज कपाट उघडून माझे जुने पेपर काढून बघितले. एकोणीसपैकी सहांवर आमच्या साहेबांचं नाव आहे, आणि त्यातले दोन त्यांनी वाचलेही नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. आणखी एक सापडलं. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. बुरशीची कल्चरं बारा वर्षं त्यांनी जिवंत ठेवली. मी सुट्टीवर गेलो की तेच बघायचे. त्यांचं नाव आभारातसुद्धा नाही.

पीएचडीग्रस्त, तू मेल कर. गाईड रागावले तर चार दिवस रागावतील.

पीएचडीग्रस्त (शुक्रवार, रात्री १०:१५)

केला मेल. तक्ता जोडला, चौथी ओळ कोरी ठेवली. दोन दिवस उत्तर नाही. आज लॅबमध्ये गाईड स्वतःहून म्हणाले, "ते साइटवरचं मी बघतो." आत्ता बघितलं, तर तीन नावं आहेत. विभागप्रमुख अजून आहेत. चौथे गेले.

ग्रंथपाल_काकू (शुक्रवार, रात्री १०:३१)

चाराचे तीन झाले ना? मासिकाकडे पाठवायच्या दिवशी तिसऱ्याचं बघू. तक्त्यात त्यांची ओळ भरायला त्यांनाच सांग, आपल्या हाताने भरू नकोस.

रानजाई (पुढच्या रविवारी, दुपारी ४:२०)

अपडेट देते. परके सोळाच्या सोळा काढले. देशमुखवाले दोन लगेच जोडले गेले, तिसऱ्यासाठी मदत केंद्राला लिहिलंय. ऑर्किड काढायला गेले तर २०१६ मध्येच काढलेलं निघालं, पासवर्ड विसरलेला. काकू, तुम्ही आधी आठवायला सांगितलंत म्हणून दुसरं झालं नाही. मासिकाला नावाच्या दुरुस्तीचा मेल केला. "शुद्धिपत्र पुढच्या अंकात" असं उत्तर आलं. नवरा म्हणतो, फ्रेम आजच करून घेऊ. समितीला स्क्रीनशॉटसह पत्र दिलं. त्या सरांनी वाचलं आणि विचारलं, "हे गूगल स्कॉलरचं आपोआप बंद कसं करायचं?" त्यांचं आडनाव शिंदे आहे.

आता खरी गंमत. वेल्डिंगवाल्या पेपरांवर पत्रव्यवहाराचा मेल होता. म्हटलं, इतकी वर्षं यांचे पेपर माझ्याकडे होते, माफी तरी मागावी. उत्तर आलं. मेकॅनिकलचे प्राध्यापक आहेत, आमच्यापासून दोन तासांवर. लिहितात, "ताई, तुमचा कारवीच्या फुलोऱ्यावरचा पेपर माझ्या प्रोफाइलवर आहे. वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी त्याची प्रत मागतं. मी दरवेळी 'सध्या उपलब्ध नाही' असं कळवतो, कारण कारवी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं." मी त्यांना फोटो पाठवला. त्यांनी पेपर काढून टाकला आणि प्रत मागणाऱ्यांची नावं मला पाठवली. त्यात एक बाई केरळच्या आहेत, त्यांच्याच कामाचा संदर्भ मी गेल्या वर्षी शोधत होते. काल फोनवर तासभर बोललो.

दातांचे पाटील अजून सापडलेले नाहीत. कोणाच्या ओळखीचे असतील तर कळवा.